सुताराचे घड्याळ

इ. स. १७०७ च्या ऑक्टोबर महिन्यातील गोष्ट आहे. इंग्लंडच्या आरमाराची काही जहाजे भूमध्य समुद्रातील मोहीम आटोपून मायदेशी परतत होती. सर क्लाउड्स्ली शॉव्हेल हा अनुभवी दर्यावर्दी त्यांचा सेनापती होता. हवा सारखी वाईट होती. वारा उलटसुलट वाहत होता. आपण इंग्लिश खाडीच्या मुखाशी मोकळ्या पाण्यात आहोत, अशी जहाजांवरील जाणत्या मंडळींची समजूत होती. २२ तारखेच्या रात्री ही समजूत किती चुकीची होती ते कळून आले; पण ते कळले तेव्हा फार उशीर झाला होता. इंग्लंडच्या नैर्ऋत्येस असलेल्या सिली बेटांच्या खडकांवर एकामागून एक चार जहाजे आपटली आणि पाहता पाहता समुद्रात गडप झाली. सेनापतीसह सुमारे चौदाशे ते दोन हजार माणसे घराच्या इतक्या जवळ येऊन प्राणांस मुकली. ही माणसे शत्रूच्या तोफांनी मारली नव्हती. आपण कोठे आहोत हे ठाऊक नसल्यामुळे ती मेली होती.

भर समुद्रात जहाज कोठे आहे हे ठरविण्यासाठी दोन गोष्टी माहीत असाव्या लागतात. विषुववृत्तापासून आपण उत्तरेस किंवा दक्षिणेस किती अंतरावर आहोत ही एक. तिला अक्षांश म्हणतात. ती काढणे खलाशांना अवघड नव्हते. दुपारी सूर्य किती उंच चढला, किंवा रात्री ध्रुवतारा क्षितिजापासून किती वर दिसतो, हे मोजले की अक्षांश मिळत असे. दुसरी गोष्ट म्हणजे आपण पूर्वेस किंवा पश्चिमेस किती आलो आहोत. हा रेखांश मात्र काही केल्या हाती लागत नसे. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्यामुळे आकाशात पूर्व-पश्चिम अशी कोणतीच स्थिर खूण नाही.

तरीही रेखांश काढण्याची युक्ती विद्वानांना ठाऊक होती. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका तासात १५ अंश, आणि एक अंश फिरण्यास तिला ४ मिनिटे लागतात. मुंबई ही ग्रिनिचच्या पूर्वेस सुमारे ७३ अंशांवर आहे; म्हणून मुंबईत सूर्य डोक्यावर येतो तेव्हा ग्रिनिचला दुपार व्हायला अजून जवळजवळ पाच तास असतात. याच हिशेबाने, एखाद्या खलाशाला आपल्या जहाजावरची खरी दुपार केव्हा झाली हे सूर्यावरून कळले, आणि त्याच क्षणी मायदेशी किती वाजले आहेत हेही कळले, तर दोन वेळांमधील अंतरावरून त्याला आपला रेखांश क्षणात सांगता येईल. पण दूर राहिलेल्या घरची वेळ भर समुद्रात कशी कळावी? घरी लावलेले घड्याळ बरोबर न्यावे, एवढेच सोपे उत्तर! मात्र ते नेमके चालले पाहिजे. आणि तसे घड्याळ साऱ्या जगात एकही नव्हते.

त्या काळची चांगली घड्याळे लंबकावर चालत. जहाज हेलकावे खाऊ लागले की लंबक भरकटे आणि घड्याळ बंद पडे. उष्ण प्रदेशात गेले की धातूचे भाग प्रसरण पावत व घड्याळ मागे पडे. थंडीत ते आकुंचित होऊन पुढे जाई. तेल कधी पातळ होई, कधी घट्ट. खाऱ्या हवेने गंज चढे तो निराळाच.

सिली बेटांजवळच्या त्या अपघातानंतर सात वर्षांनी, इ. स. १७१४ मध्ये, इंग्लंडच्या पार्लमेंटने एक कायदा केला. वेस्ट इंडीज बेटांपर्यंतच्या सफरीत जो कोणी अर्ध्या अंशाच्या आत रेखांश काढून दाखवील त्याला २०,००० पौंडांचे बक्षीस जाहीर झाले. एखाद्या कारागिराने जन्मभर राबूनही त्याच्या दृष्टीस न पडावी, इतकी मोठी ती रक्कम होती. अर्धा अंश म्हणजे वेळेची केवळ दोन मिनिटे. सफर सुमारे सहा आठवड्यांची. तेव्हा घड्याळाने हे बक्षीस मिळवायचे तर त्याची चूक दिवसाला तीन सेकंदांपेक्षा कमी असावयास हवी. या प्रकरणी पार्लमेंटने थोर शास्त्रज्ञ सर आयझॅक न्यूटन याचा सल्ला घेतला होता. जहाजाचे हेलकावे, उष्णता, थंडी व दमट हवा यांना दाद न देणारे घड्याळ अद्याप कोणी बनविलेले नाही, असे त्याने सांगितले. त्याचा भरवसा आकाशातील ग्रहताऱ्यांवर होता.

बक्षीस जाहीर होताच नाना तऱ्हेच्या कल्पनांना ऊत आला. दोघा विद्वानांनी सुचविले की, समुद्रात ठिकठिकाणी जहाजे नांगरून ठेवावीत आणि त्यांनी ठरल्या वेळी आकाशात बार उडवावेत. खोल महासागरात नांगर तळाला टेकणार कसा, याचा विचार त्यांनी फारसा केलेला दिसत नाही. त्याआधीच्या एका पत्रकात तर, बहुधा थट्टेच्या भरात, एक जखमी कुत्रा जहाजावर न्यावा आणि लंडनमध्ये रोज दुपारी त्याच्या जखमेच्या पट्टीवर जादूची पूड टाकावी, म्हणजे तो कुत्रा समुद्रावर नेमका बारा वाजता विव्हळेल, अशी योजना मांडली होती! पुढे पुढे तर रेखांशाच्या मागे लागणे म्हणजे वेड लागणे, असे लोक म्हणू लागले.

हे कोडे जो सोडवणार होता तो लंडनच्या विद्वत्सभांपासून दूर एका लहानशा गावात लाकडे तासत होता.

जॉन हॅरिसन याचा जन्म इ. स. १६९३ मध्ये यॉर्कशायर परगण्यातील फाउल्बी या खेड्यात झाला. बाप सुतार होता. जॉन लहान असतानाच हे कुटुंब लिंकनशायरमधील बॅरो या गावी जाऊन राहिले. सहा वर्षांचा असताना जॉनला देवी आल्या, तेव्हा मन रमावे म्हणून त्याच्या उशाशी एक घड्याळ ठेवले होते आणि तो तासन् तास त्याची टिकटिक ऐकत पडे, अशी आख्यायिका आहे. खरे इतकेच की, रंधा, पटाशी व करवत ही त्याने बापाकडून हाती घेतली आणि सुतारकाम करता करता त्याचे मन यंत्रांकडे ओढले गेले. त्याला मोठ्या शाळेत जाण्याचा योग आला नाही. एकदा गावी आलेल्या एका धर्मोपदेशकाने त्याला केंब्रिजच्या एका प्राध्यापकाच्या व्याख्यानांचे हस्तलिखित वाचावयास दिले. जॉनने ते शब्दन् शब्द, आकृत्यांसह, स्वतःच्या हाताने उतरून काढले. पुस्तक परत करावयाचे होते; विद्या परत करावयाची नव्हती!

वयाच्या विसाव्या वर्षी, इ. स. १७१३ मध्ये, त्याने आपले पहिले मोठे घड्याळ तयार केले. त्याची चाके लाकडाची होती. सुताराने लाकूड निवडावे यात नवल नाही. पण जॉनने ते ज्या पारखीने निवडले ती पाहण्यासारखी आहे. चाकाचा प्रत्येक दाता मजबूत राहावा म्हणून लाकडाचे तंतू दात्यांच्या टोकांपर्यंत सरळ जातील अशा बेताने त्याने ओक वृक्षाच्या फळ्या कापून जोडल्या. पुढे सुमारे १७२२ मध्ये ब्रॉकल्स्बी येथील एका जमीनदाराच्या वाड्यावर त्याने मनोऱ्यातील घड्याळ बसविले. त्यातील घासणारे भाग त्याने एका अशा परदेशी लाकडाचे केले की, ज्यातून स्वतःचेच तेल पाझरत असते. या घड्याळाला वंगण घालावे लागत नाही. तेल नाही, म्हणून तेल घट्ट होण्याचा किंवा त्यात धूळ बसण्याचा प्रश्नच नाही.

या कामात जेम्स हा धाकटा भाऊ त्याला मदत करीत असे. दोघांनी मिळून उष्णतेवरही तोड काढली. पितळ उष्णतेने पोलादापेक्षा अधिक वाढते, हे जॉनने ध्यानात घेतले. त्याने लंबकाची दांडी एकट्या धातूची न करता पितळेच्या व पोलादाच्या कांबी शेजारी शेजारी अशा रीतीने जोडल्या की, पोलाद खाली वाढले तर पितळ तितकेच वर वाढावे. परिणामी लंबकाची लांबी उन्हाळ्यात व हिवाळ्यात सारखीच राहू लागली. घड्याळाच्या गतीला आवर घालणाऱ्या भागासाठी त्याने टोळाच्या पायांसारखी हालणारी एक रचना शोधून काढली. तिच्यात घर्षण जवळजवळ नव्हतेच.

पण आपले घड्याळ बरोबर चालते हे त्या खेड्यात ताडून पाहावयाचे कशावरून? इतके चांगले दुसरे घड्याळच तेथे नव्हते. तेव्हा जॉनने आकाशालाच साक्षीला बोलाविले. आपल्या खिडकीच्या चौकटीशी उभे राहून शेजाऱ्याच्या धुराड्याआड एखादा तारा नेमका केव्हा अदृश्य होतो, याची तो रोज रात्री नोंद करी. प्रत्येक तारा आदल्या रात्रीपेक्षा ३ मिनिटे ५६ सेकंद अगोदर त्या जागी येतो, हा सृष्टीचा नियम आहे. घड्याळ आणि तारे यांचा मेळ घालता जॉनला दिसून आले की, आपल्या घड्याळाची चूक महिन्याला एका सेकंदापलीकडे जात नाही. त्या काळी लंडनमधील नामांकित कारागिरांची घड्याळेसुद्धा दिवसागणिक सेकंद, दोन सेकंद चुकत असत.

इ. स. १७३० च्या सुमारास समुद्रावरच्या घड्याळाचे नकाशे घेऊन तो लंडनला गेला. बक्षिसाचा विचार करण्यासाठी पार्लमेंटने एक रेखांश मंडळ नेमले होते. पण सोळा वर्षांत त्याची एकही बैठक झाली नव्हती, कारण बैठक भरवावी अशी एकही योजना पुढे आली नव्हती. जॉनने मंडळाचे एक सभासद, राजज्योतिषी एडमंड हॅली यांची भेट घेतली. धूमकेतूमुळे ज्यांचे नाव आज सर्वतोमुखी आहे तेच हे हॅली. ते मनाने मोकळे होते. त्यांनी त्याला जॉर्ज ग्रॅहॅम या श्रेष्ठ घड्याळजीकडे पाठविले. आपली विद्या दुसरा घड्याळजी चोरील, या भीतीने जॉन बिचकतच गेला. सकाळी दहाला सुरू झालेले बोलणे रात्री आठ वाजेपर्यंत चालले आणि जेवणही तेथेच झाले. निघताना ग्रॅहॅमने या खेडवळ सुताराला बिनव्याजी कर्ज देऊ केले.

पाच वर्षे खपून जॉनने पहिले समुद्री घड्याळ पुरे केले. ते आज 'एच-१' या नावाने ओळखले जाते. वजन ३४ किलोग्रॅम! त्याला लंबक नव्हता. त्याऐवजी दोन मोठे दांडे स्प्रिंगांनी असे जोडलेले होते की, एक उजवीकडे झुकला म्हणजे दुसरा डावीकडे झुके. जहाजाच्या हेलकाव्याने एकाला जो धक्का बसे तो दुसऱ्याकडून फिटे. इ. स. १७३६ मध्ये हे यंत्र 'सेंच्युरियन' नावाच्या जहाजावर चढवून लिस्बनला पाठविण्यात आले. जॉनही बरोबर होता. बिचाऱ्याला सबंध प्रवासात बोट लागली. यंत्राची प्रकृती मात्र उत्तम राहिली. परतीच्या प्रवासात इंग्लंडचा किनारा दिसू लागला तेव्हा जहाजावरच्या अधिकाऱ्यांनी समोरचे टोक स्टार्ट भूशिराचे आहे असा निर्वाळा दिला. जॉन म्हणाला की, ते लिझर्ड भूशिर आहे, जहाज समजुतीपेक्षा सुमारे ६० मैल पश्चिमेस आहे. जवळ गेल्यावर जॉनचेच खरे ठरले. चूक कबूल करून तसा लेखी दाखला देण्याचा मोठेपणा जहाजावरच्या अधिकाऱ्याने दाखविला.

याच 'सेंच्युरियन' जहाजाची पुढची हकीकत सांगण्यासारखी आहे. पाच वर्षांनी अॅन्सन नावाचा सरदार तेच जहाज घेऊन दक्षिण अमेरिकेच्या टोकाला वळसा घालून प्रशांत महासागरात शिरला. खलाशी रक्तपितीने रोज मरत होते. हुआन फर्नांडेझ बेटावरील ताज्या पाण्यावाचून व भाजीपाल्यावाचून ते वाचणे शक्य नव्हते. अॅन्सन बेटाच्या अक्षांशावर पोचला. पण बेट पूर्वेस आहे की पश्चिमेस हे त्याला कळेना. तो आधी पश्चिमेस गेला, मग शंका येऊन पूर्वेस वळला, चिलीचा किनारा दिसला तेव्हा पुन्हा पश्चिमेस फिरला. या येरझाऱ्यांत कितीतरी माणसे समुद्रार्पण झाली. ज्या जहाजाने रेखांशाचे यंत्र वाहून नेले होते त्याच्यावरच, त्या यंत्रावाचून, हा प्रसंग ओढवला.

इ. स. १७३७ मध्ये रेखांश मंडळाची पहिली बैठक भरली, ती या सुताराच्या घड्याळासाठी. मंडळी खूष होती. वेस्ट इंडीजच्या सफरीची मागणी जॉनने त्या वेळी केली असती तर बहुधा ती मान्य झाली असती. पण यंत्रात दोष आहेत असे त्या सभेत एकटा जॉनच सांगत होता! याहून लहान व चांगले यंत्र करण्यासाठी त्याने फक्त ५०० पौंड आणि दोन वर्षे मागितली. दुसरे यंत्र झाले. त्यातही, जहाज वळण घेऊ लागले म्हणजे गती बदलेल असा दोष त्याच्या ध्यानी आला आणि त्याने ते समुद्रावर पाठविलेच नाही. मग तिसरे यंत्र हाती घेतले. त्यात ७५३ भाग होते. त्यासाठी त्याने पितळ व पोलाद यांची एकजीव केलेली पट्टी शोधून काढली. उष्णता बदलली की ती पट्टी वाकते आणि घड्याळाची चाल आपोआप सुधारते. तशा पट्ट्या आजही अनेक विजेच्या उपकरणांत असतात. याच यंत्राकरिता त्याने घर्षण कमी करणारी रुळांची चौकट बनविली. आजच्या यंत्रांतील बेअरिंगांची ती पूर्वज होय. मात्र या तिसऱ्या यंत्रापायी त्याची १९ वर्षे गेली. इ. स. १७४९ मध्ये रॉयल सोसायटीने त्याला आपले कॉप्ली पदक देऊन गौरविले. तरी यंत्र मनासारखे होईना.

आणि मग एक नवल घडले. इ. स. १७५३ मध्ये जॉनने स्वतःच्या उपयोगासाठी आपल्या आराखड्याप्रमाणे एका कारागिराकडून खिशातले घड्याळ करवून घेतले होते. ते अपेक्षेपेक्षा फारच चांगले चालले. ज्या लहानग्या वस्तूला आजवर त्याने तुच्छ लेखले होते तिच्यातच कोड्याचे उत्तर होते. लहान चक्र जलद गतीने फिरत राहिले तर जहाजाचे संथ हेलकावे त्याला बाधत नाहीत. साठीच्या उंबरठ्यावर असलेल्या या माणसाने तीस वर्षांची वाट सोडून नवी वाट धरली. इ. स. १७५९ मध्ये 'एच-४' तयार झाले. व्यास १३ सेंटिमीटर, वजन दीड किलोग्रॅमहूनही थोडे कमी. घर्षण टाळण्यासाठी आत हिरे व माणके बसविलेली होती, आणि ते सेकंदाला पाच वेळा टिकटिक करी.

जॉन आता ६८ वर्षांचा झाला होता. म्हणून परीक्षेच्या सफरीवर त्याचा मुलगा विल्यम गेला. १८ नोव्हेंबर १७६१ रोजी 'डेप्टफर्ड' हे जहाज पोर्ट्स्मथहून जमैकाकडे निघाले. वाटेत जहाजावरचे चीज व बिअर खराब झाली आणि खलाशी मदिरा बेटाची वाट पाहू लागले. ते केव्हा दिसणार याविषयी कप्तानाचा हिशेब एक सांगत होता व विल्यमचे घड्याळ दुसरे. उद्या बेट दिसेल, असे विल्यम ठामपणे म्हणाला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बेट समोर उभे राहिले. जानेवारीत जमैकाला पोचल्यावर हिशेब केला. ठरलेली रोजची चाल वजा घालता ८१ दिवसांत घड्याळ केवळ ५ सेकंद मागे पडले होते. कायद्याने दोन मिनिटांची सवलत दिली होती!

आता बक्षीस मिळण्यास अडचण नव्हती, असे कोणासही वाटेल. परंतु मंडळाने हात आखडला. जमैकाचा खरा रेखांश पक्का ठाऊक नाही, चुका एकमेकींना योगायोगाने फिटल्या असतील, असे आक्षेप निघाले. थोडी रक्कम देऊन मंडळाने दुसरी परीक्षा घेण्याचे ठरविले. इ. स. १७६४ मध्ये विल्यम घड्याळ घेऊन बार्बाडोसला गेला. ४७ दिवसांत चूक ३९ सेकंदांची निघाली. म्हणजे कायद्याने मागितली होती त्याच्या तिप्पट अचूकता. तरीही बक्षीस मिळाले नाही.

यामागे एक दुसरी स्पर्धा होती. चंद्र ताऱ्यांमधून सरकतो, तेव्हा तोच आकाशातील काटा मानून वेळ काढावी, अशी ज्योतिषी मंडळींची पद्धत होती. त्यासाठी टोबियास मायर या जर्मन ज्योतिषाने चंद्राची उत्कृष्ट कोष्टके तयार केली होती. या पद्धतीचा पुरस्कर्ता नेव्हिल मॅस्कलिन हा इ. स. १७६५ मध्ये राजज्योतिषी झाला आणि पदसिद्ध म्हणून रेखांश मंडळावर बसला. म्हणजे एक स्पर्धक दुसऱ्याचा परीक्षक झाला! मॅस्कलिन लबाड होता असे मात्र मानू नये. त्याची पद्धत खरी होती. त्याने काढलेल्या नाविक पंचांगामुळे चार तासांचे गणित अर्ध्या तासावर आले आणि अनेक वर्षे खलाशांना त्याचा उपयोग झाला. एकच घड्याळ चांगले चालले म्हणून तशी शेकडो घड्याळे इतरांस करता येतील का, हा मंडळाचा प्रश्नही अगदीच गैर नव्हता. परंतु कायद्यात ही अट नव्हती, आणि खेळ संपल्यावर नियम बदलावेत तसे हे झाले.

नवा कायदा करून मंडळाने सांगितले की, घड्याळाची रचना उघड केल्यास अर्धे बक्षीस मिळेल. उरलेले अर्धे, तशीच आणखी घड्याळे करून दाखविल्यावर. वृद्ध जॉन संतापला. पण इलाज नव्हता. इ. स. १७६५ च्या ऑगस्टमध्ये त्याने सहा तज्ज्ञांसमोर आपल्या घरी ते घड्याळ खोलले आणि प्रत्येक भागाचे काम समजावून सांगितले. त्याच्या पदरी १०,००० पौंड पडले. पण सर्व यंत्रे सरकारच्या स्वाधीन करावी लागली. पुढच्या वर्षी मॅस्कलिन स्वतः ती न्यावयास आला. नेताना मजुरांच्या हातून पहिले यंत्र खाली पडले. पाच वर्षांच्या श्रमाचे ते फळ म्हाताऱ्याच्या घरातच आपटले. बाकीची यंत्रे लंडनच्या दगडी रस्त्यांवरून गाडीत धक्के खात ग्रिनिचला गेली.

नमुन्यादाखल घड्याळही काढून घेतलेले, आणि त्यासारखी आणखी दोन बनवून दाखवा असा हुकूम! जॉनची दृष्टी मंदावली होती, हात पूर्वीसारखे चालत नव्हते. तरी त्याने मुलाला जोडीला घेऊन पाचवे घड्याळ पुरे केले. तोवर त्याने ऐंशीच्या घरात पाऊल टाकले होते. आणखी एक करण्याइतके आयुष्य उरले आहे असे त्याला वाटेना. अखेरीस विल्यमने इ. स. १७७२ च्या जानेवारीत राजे तिसरे जॉर्ज यांच्याकडे दाद मागितली. राजांना शास्त्राची आवड होती आणि क्यू येथे त्यांची स्वतःची वेधशाळा होती. सारी हकीकत ऐकून ते अस्वस्थ झाले आणि नवे घड्याळ त्यांनी आपल्या देखरेखीखाली वेधशाळेत ठेवविले. प्रथम ते भलतेच चालू लागले व हॅरिसन पितापुत्रांचे धाबे दणाणले. मग जवळच्या कपाटात लोहचुंबक ठेवलेले आहेत, याची राजांनाच आठवण झाली, असे सांगतात. चुंबक दूर होताच घड्याळ ताळ्यावर आले. दहा आठवडे ते रोज तपासले गेले. दिवसाला सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकीही चूक त्यात आढळली नाही.

राजांच्या पाठिंब्यामुळे प्रकरण मंडळाला वगळून थेट पार्लमेंटपुढे गेले आणि इ. स. १७७३ मध्ये पार्लमेंटने जॉन हॅरिसनला ८,७५० पौंड मंजूर केले. पैसे मिळाले, परंतु मंडळाने जाहीर केलेले बक्षीस जिंकले असा शिक्का त्याच्या नावावर कधीच बसला नाही. किंबहुना तो कोणाच्याच नावावर बसला नाही.

दरम्यान मंडळाने लार्कम केंडल नावाच्या कारागिराकडून 'एच-४' ची एक हुबेहूब प्रत करून घेतली होती. ती घेऊन कप्तान जेम्स कुक इ. स. १७७२ मध्ये आपल्या दुसऱ्या जगप्रवासास निघाला. दक्षिण ध्रुवाकडील बर्फापासून उष्ण कटिबंधातील बेटांपर्यंत ती प्रत तीन वर्षे त्याच्याबरोबर हिंडली. चंद्राची पद्धत जाणणारा आणि प्रथम घड्याळाविषयी साशंक असलेला कुक इ. स. १७७५ मध्ये परतला तो त्या घड्याळाची स्तुती करीतच. पुढच्या वर्षी २४ मार्च रोजी, ज्या तारखेस जन्मला त्याच तारखेस, जॉन हॅरिसन लंडन येथील आपल्या घरी मरण पावला. त्या दिवशी त्याला ८३ वर्षे पुरी झाली.

पुढच्या पन्नास वर्षांत इतर कारागिरांनी अशी घड्याळे सोपी व स्वस्त केली आणि लांबच्या सफरीवर निघणाऱ्या जहाजांवर ती दिसू लागली. मूळ यंत्रे मात्र ग्रिनिचच्या वेधशाळेत गंज खात पडली. इ. स. १९२० मध्ये रुपर्ट गुल्ड नावाच्या एका नौदल अधिकाऱ्याच्या ती दृष्टीस पडली. त्याने हा गंज स्वतःच्या हाताने खरवडून काढण्याचे पत्करले, आणि कित्येक वर्षे मोबदल्याची अपेक्षा न ठेवता तो त्यांचा एकेक भाग साफ करीत राहिला. पडून मोडलेले पहिले यंत्रही त्याने पुन्हा चालते केले.

इ. स. २००६ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबे या प्रख्यात देवालयात जॉन हॅरिसनच्या नावाची एक शिला बसविण्यात आली. तिच्यावर दोन धातूंच्या पट्टीने त्या जागेचा रेखांश आखलेला आहे. ग्रिनिचला त्याची पहिली तीन यंत्रे आज चालू स्थितीत पाहावयास मिळतात. चौथे, ज्याने रेखांशाचे कोडे सोडविले ते घड्याळ, शेजारीच काचेआड बंद ठेवलेले असते. त्याला तेल लागते, आणि चालविल्यास त्याचे भाग झिजतील म्हणून त्याला किल्ली देत नाहीत. ब्रॉकल्स्बीच्या मनोऱ्यातील लाकडी चाकांचे घड्याळ मात्र तेलावाचून तीनशे वर्षे वेळ दाखवीत आले आहे.